नायट्रो गाडी बंद पडते तेव्हा: सुईला हात लावण्याआधी आणि लावल्यावर

‘स्लो धरत नाही’, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिन संथ चालू राहत नाही, ही नायट्रो गाडीची, म्हणजे मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या फ्युएलवर चालणाऱ्या रिमोटच्या मॉडेल गाडीची, नेहमीची तक्रार. गाडी पेटते, सुसाट जाते, वळवून परत आणली की पायाशी येऊन गप्प होते. मग स्क्रू ड्रायव्हर निघतो आणि कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या), फ्युएल किती जायचं ते ठरवणाऱ्या सुया फिरायला लागतात. अर्ध्या तासाने कोणती सुई किती आटे फिरवली याचा हिशेब उरत नाही आणि मूळचा बिघाड जिथल्या तिथे असतो. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं इथे फार वेळा घडतं. कारण सुयांमध्येच असेल असं नाही. मेलेला प्लग, हवा घेणारा सांधा, अडकलेला क्लच, ओढून बसलेला ब्रेक, दमट झालेलं फ्युएल, यांतलं काहीही असू शकतं. यातलं नेमकं काय आहे हे ओळखायची सगळ्यात चांगली खूण म्हणजे गाडी कोणत्या क्षणी बंद पडली. तेवढं नीट बघितलं की अर्धं काम झालं.

पुढचं सगळं १/१० आणि १/८ मापाच्या गाड्यांतल्या २.१ ते ४.६ सीसीच्या टू-स्ट्रोक ग्लो इंजिनांसाठी आहे. कार्ब दोन सुयांचा धरला आहे. काही कार्बला मधल्या रेंजची तिसरी सुई असते. ती कंपनीने लावून दिली असेल तिथेच राहू द्या.

तीन स्क्रू आधी ओळखून घ्या. टाकीकडून येणारी नळी कार्बला जिथे मिळते तिथे उभ्या पितळी घरात बसलेली ती हाय नीडल. थ्रॉटलची दांडी ज्या सरकत्या स्लाइडला जोडलेली असते, तिच्या टोकात खोल बसलेली ती लो नीडल. आणि कार्बच्या अंगाला लागलेला, स्लाइडला पूर्ण बंद होऊ न देणारा तो आयडल स्क्रू. सुई आवळली की फ्युएल कमी, म्हणजे मिश्रण लीन. सोडली की फ्युएल जास्त, म्हणजे रिच. आयडल स्क्रू मात्र फ्युएलला हात लावत नाही, तो फक्त हवेची फट ठरवतो. हा फरक डोक्यात पक्का बसू द्या, कारण स्लोचे निम्मे घोळ इथेच होतात.

तार पेटती राहिली तर इंजिन चालू

ग्लो इंजिनात ठिणगी नसते. प्लगमधली प्लॅटिनम मिश्रधातूची तार सुरुवातीला इग्नायटरने, म्हणजे प्लगवर लावायच्या सेलच्या दांडीने, लाल करायची. इग्नायटर काढल्यावर ती दोन गोष्टींवर पेटती राहते: मिथेनॉलच्या वाफेची प्लॅटिनमवर होणारी प्रक्रिया आणि आधीच्या ज्वलनातून उरलेली उष्णता. मिश्रण फार रिच झालं की ओलं फ्युएल तारेवर येऊन तिला गार करतं आणि ती विझते. फार लीन झालं की जळायला पुरेसं फ्युएलच मिळत नाही आणि इंजिन बंद पडतं. दोन टोकांची कारणं, शेवट एकच. म्हणूनच ‘बंद पडली’ एवढ्यावरून सुई कुठल्या बाजूला फिरवायची ते ठरत नाही.

आणखी एक गोष्ट पेट्रोलच्या गाड्यांची सवय असलेल्यांसाठी. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला सुमारे ६.४ किलो, नायट्रोमिथेनला जेमतेम १.७ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत नायट्रो इंजिन कितीतरी जास्त फ्युएल पितं, आणि फ्युएलमधलं नायट्रोचं प्रमाण वाढलं की भूक आणखी वाढते. १६ टक्क्यांच्या फ्युएलवर लावलेली गाडी २५ टक्क्यांच्या फ्युएलवर तशीच पळवली तर ती लीन चालते, तापते आणि भर वेगात बंद पडते. फ्युएलचा डबा बदलला की हाय नीडल आधी पाव आटा सोडायची आणि मग पुन्हा लावायला घ्यायची. तेलाचं प्रमाण बदललं तरी तसंच, कारण तेल जास्त असलेलं फ्युएल सुईतून सावकाश जातं.

इग्नायटर काढताच बंद

ही सगळ्यात सोपी खूण. इग्नायटर लावलेला असताना चालते आणि काढल्यावर दोन-चार सेकंदांत मरते, तेव्हा पहिला संशय प्लगवर. प्लग काढून बघा. तार चकचकीत, सगळे वेढे सारखे आणि मध्यावर असतील तर ठीक. वेढे वाकलेले, एकमेकांना चिकटलेले किंवा तार पांढुरकी-खडबडीत दिसत असेल तर प्लग बदला. इग्नायटर लावून सावलीत बघताना सगळे वेढे लख्ख नारिंगी झाले पाहिजेत. पहिले दोनच वेढे पेटत असतील तर प्लग गेला. इग्नायटरचा सेल १.२ ते १.५ व्होल्टचा असतो; जोर कमी वाटतोय म्हणून दोन सेल जोडले तर तार तिथल्या तिथे जळते.

प्लग दोन जातींचे असतात, साधे आणि टर्बो. टर्बो प्लगची बैठक शंकूसारखी उतरती असते आणि त्याला वायसर नसतं. साध्या प्लगखाली तांब्याचं वायसर हवंच. एकाच्या जागी दुसरा बसत नाही, जबरदस्ती केली तर हेडचे आटे जातात. लहान इंजिनांना आणि थंडीत जरा गरम जातीचा प्लग स्लोला मदत करतो, ३.५ सीसीच्या वरच्या इंजिनाला मध्यम. प्लगच्या बाबतीत काटकसर करू नये असं आमचं ठाम मत आहे. दोन नवे प्लग कायम पेटीत असावेत आणि शंका आली की सुईआधी प्लग बदलावा. अर्धमेल्या प्लगवर लावलेलं ट्यूनिंग नव्या प्लगवर चुकीचं ठरतं.

नवा प्लग घालूनही इग्नायटर काढताच मरत असेल तर लो नीडल फार रिच आहे किंवा इंजिन अजून गार आहे.

स्लोवर उभी असताना बंद

आवाज ऐका. इंजिन हळूहळू जड होत गेलं, गुडगुड आवाज आला, सायलेन्सरमधून धूर आणि तेलाचे थेंब पडले आणि दहा-पंधरा सेकंदांनी गप्प झालं, तर लो नीडल रिच. उलट, आवाज आपोआप चढत गेला आणि मग एकदम कापल्यासारखं थांबलं, तर लीन किंवा कुठेतरी हवा घेतंय.

हवा घेणं हा या इंजिनांचा सगळ्यात फसवा आजार. एकाच सेटिंगवर गाडी एकदा छान चालते, पुढच्या टाकीला स्लो वर-खाली होतो, सुई कशीही लावली तरी दहा मिनिटांनी बिघडते. अशा वेळी सुया सोडा आणि सांधे बघा. कार्ब इंजिनात जिथे बसतो तिथली ओ-रिंग, मागच्या प्लेटचं गॅस्केट, सुयांवरच्या बारक्या ओ-रिंगा, पुढचं बेअरिंग, आणि फ्युएलच्या नळीत फ्लायव्हील किंवा चॅसिसला घासून पडलेली सुईएवढी भोकं. नळी तर दर हंगामाला बदलून टाकावी, हाताने ताणली की भेगा दिसतात.

तपासायचं कसं? चालू इंजिन स्लोवर ठेवून कार्बच्या बुडाशी आणि मागच्या प्लेटच्या कडेला पातळ तेलाचा एकेक थेंब सोडा. थेंब आत ओढला गेला किंवा स्लो बदलला की जागा सापडली. बंद इंजिनावर खात्री करायची असेल तर एक्झॉस्टला आणि कार्बच्या तोंडाला रबरी बूच लावा, फ्युएलच्या निपलला नळी जोडून फुंका, सांध्यांना साबणाचं पाणी लावा आणि फ्लायव्हील सावकाश हाताने फिरवत राहा. पुढच्या बेअरिंगपाशी एखाददुसरा बुडबुडा चालतो, कार्बच्या बुडाशी एकही नाही. दुरुस्तीला ओ-रिंग नवी, आणि मोटरसायकलच्या स्पेअरच्या दुकानात मिळणारं गरमी सोसणारं आरटीव्ही सिलिकॉन. केसाएवढा थर, आत एक कणही जाऊ न देता, आणि पूर्ण चोवीस तास सुकवून. घाईने दोन तासांत पेटवलं तर तेच सिलिकॉन सुटून कार्बमध्ये जातं.

टाकीही बघा. या गाड्यांना पंप नसतो. सायलेन्सरमधला दाब एका नळीने टाकीत जातो आणि तोच फ्युएल पुढे ढकलतो. झाकणाचं रबर कडक झालं किंवा सायलेन्सरचा निपल काजळीने बुजला की दाब पडतो. टाकी काढून एक तोंड बंद करायचं, झाकण लावून पाण्यात बुडवायची आणि दुसऱ्या तोंडातून फुंकायचं. झाकणाशी बुडबुडे आले की रबर बदलायचं.

थ्रॉटल देताच बंद

उभ्या गाडीला एकदम रेस दिली आणि ती पिकअप न घेता मेली. धूर भसकन आला, आवाज घोगरा, थोडं थांबून सावरायचा प्रयत्न केला, तर लो नीडल रिच. धूर अजिबात नाही, क्षणात खटकन बंद, तर लीन. या दोन्हींत चुकायची शक्यता खूप असते. खात्री नसेल तर आधी रिच बाजूला, म्हणजे सोडून बघा. रिच इंजिन फार तर बंद पडतं. लीन इंजिन पिस्टन आणि स्लीव्ह (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) खातं.

भर वेगात, सरळ पट्ट्याच्या शेवटी बंद

आवाज तार सप्तकात गेला, धुराची रेघ दिसेनाशी झाली आणि मग बत्ती गुल. ही हाय नीडल लीन असल्याची खूण. पण काल बरोबर असलेली सुई आज लीन का झाली, हे शोधा. बहुतेक वेळा फिल्टरमध्ये कचरा असतो. नळीतला फिल्टर आणि टाकीतला दगडी फिल्टर दोन्ही उघडून स्वच्छ फ्युएलने धुवा. पाण्याने नको. टाकीचे रबरी बुश फाटून ती थरथरत असेल तर फ्युएलला फेस येतो आणि नळीत बुडबुडे दिसतात; तेही लीन करतं.

थ्रॉटल सोडताना किंवा ब्रेक लावताना बंद

इथे लोक हमखास सुईला दोष देतात आणि हमखास चुकतात. ब्रेक लागला की चाकं थांबतात. क्लचचे शू बेलपासून (त्यांच्याभोवतीच्या, चाकांना जोडलेल्या वाटीपासून) सुटले नाहीत तर चाकांबरोबर इंजिनही थांबतं. स्प्रिंग मोडली असेल, बेलची बेअरिंग जाम झाली असेल, किंवा बेलला आडवी खेळती जागा उरली नसेल. गाडी डब्यावर उचलून ठेवा, इंजिन स्लोवर ठेवा. चाकं जोरात फिरत असतील, किंवा ब्रेक लावल्यावर इंजिनाचा आवाज खाली बसत असेल, तर क्लच उघडा. बेअरिंग प्रत्येक दोन-तीन लिटर फ्युएलमागे काढून धुऊन तेल द्यावीत. तिथली धूळ आणि उष्णता फार असते.

मग दांड्या. रिमोट मधोमध असताना स्लाइड आयडल स्क्रूवर टेकली पाहिजे आणि ब्रेकचा कॅम मोकळा पाहिजे. सर्व्होचं (दांड्या हलवणाऱ्या छोट्या मोटरचं) ट्रिम, म्हणजे रिमोटवरचं मधलं स्थान सरकवायचं बटण, एक-दोन घरं जरी ब्रेककडे गेलं तरी ब्रेक सतत घासतो. उलट थ्रॉटलकडे गेलं की आयडल स्क्रू कितीही फिरवला तरी फरकच पडत नाही. रिमोट आणि रिसीव्हर चालू करून, एअर फिल्टर काढून, कार्बच्या तोंडातून डोळ्यांनी बघा. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती प्रत्येक वेळी मैदानावर गेल्यावर करायची. गिअर फार आवळून बसवले असतील तरी असंच होतं. पिनियन (लहान गिअर) आणि स्परमध्ये (मोठा गिअर) वहीच्या कागदाची पट्टी फिरवून बघा, न फाटता दातांच्या घड्या पडून बाहेर आली पाहिजे.

गरम झाल्यावर बंद, आणि मग पेटतच नाही

गार असताना एका ओढीत पेटते, पंधरा मिनिटांनी बंद पडली की गार होईपर्यंत हलत नाही. या इंजिनांत स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते आणि पिस्टन वर गेला की तिथे चिमटला जातो. वापराने ही चिमट सैल होते आणि गरम झाल्यावर कॉम्प्रेशन उरत नाही. गरम इंजिनाचं फ्लायव्हील हाताने फिरवा (बंद असताना, अर्थातच). पिस्टन सर्वांत वर जाताना काहीच अडलं नाही तर पिस्टन-स्लीव्हचं आयुष्य संपत आलं. सुईने हे बरं होत नाही. एकदम नव्या इंजिनाचं उलटं असतं: चिमट इतकी घट्ट की गार असताना ओढीची दोरी तुटेल. तिथे हेड हेअर ड्रायरने ६०-७० अंशांपर्यंत तापवूनच पेटवायचं. पहिल्या चार-पाच टाक्या रिच ठेवून पण ९० अंशांच्या आसपास चालवायच्या. या काळात ते अधूनमधून बंद पडणारच; त्यासाठी सुई आवळू नका.

आता सुया

वरचं सगळं बघून झालं, नवा प्लग आहे, एअर फिल्टर स्वच्छ आणि तेल लावून पिळलेला आहे, तरच पुढे जा. फिल्टर धुळीने भरला किंवा तेलाने चिंब असला तरी मिश्रण रिच होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात माळावरची धूळ पिठासारखी बारीक असते. दर दोन-तीन टाक्यांनी फोम बदलून घालावा.

सेटिंग पूर्ण हरवलं असेल तर गाडीबरोबरच्या पुस्तिकेतला आकडा घ्या. तो नसेल तर हाय नीडल हलक्या हाताने टेकेपर्यंत आवळून तीन ते साडेतीन आटे सोडा. जोराने आवळू नका, सुईचं टोक आणि तिची बैठक दोन्ही चेपतात. लो नीडलचं डोकं तिच्या घराच्या काठाशी समपातळीत आणा. बऱ्याच कार्बला ही सुरुवात पुरते. फट लहान इंजिनाला ०.५ ते ०.८ मिमी, ३.५ सीसीला ०.७ ते १ मिमी. सर्किट बोर्डाला भोकं पाडायचं ०.८ मिमीचं ड्रिल मापाला उत्तम.

सुई फिरवताना स्क्रूची खाच घड्याळाचा तासकाटा समजा. एका वेळी एक तास, म्हणजे १/१२ आटा. याहून जास्त नाही. आणि एका वेळी एकच सुई.

टाकी अर्धी भरा, कारण भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत फ्युएलचा दाब वेगळा असतो. बॉडी चढवा, कारण तिच्याशिवाय इंजिन जास्त गार राहतं. तीन-चार मिनिटं हलक्या हाताने फिरवून इंजिन तापू द्या. गार इंजिनावर लावलेली सुई तापल्यावर लीन निघते.

पहिली हाय नीडल. कारण सगळं फ्युएल तिच्यातून जातं; ती हलली की स्लोही हलतो. ३०-४० मीटरच्या सरळ पट्ट्यात तीन-चार वेळा पूर्ण वेगाने पळवा. घोगरा आवाज, दाट धूर आणि वेग चढत नाही, तर एक तास आवळा. आवळल्यावर लगेच निकाल लावू नका, दोन फेऱ्या तरी होऊ द्या. वेग वाढत जाईल, आवाज साफ होईल, पण निळसर धुराची पातळ रेघ शेवटपर्यंत दिसलीच पाहिजे. वेग वाढायचा थांबला की तिथून एक ते दीड तास परत सोडा. आणखी थोडा वेग निघेल या मोहाने आवळलेला शेवटचा तास कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनवर निघतो.

ताप मोजा. थर्मामीटर गन प्लगच्या रोखाने, दरवेळी सारख्या अंतरावरून, फेरीवरून येताच. साधारण ९५ ते १२० अंश सेल्सिअस. १३० च्या पुढे गेलं तर थांबवा. चकचकीत ॲल्युमिनियमवर गन कमी आकडा दाखवते, म्हणून एकच जागा धरून तुलना करा. गन नसेल तर हेडवर पाण्याचा एक थेंब टाका. तीन ते पाच सेकंदांत चुरचुरून उडाला तर ठीक. पडल्या पडल्या नाहीसा झाला तर फार गरम. नुसताच बसून राहिला तर इंजिन गार आहे, म्हणजे रिच. पण ताप ही मर्यादा आहे, लक्ष्य नाही. अमुक आकडा यावा म्हणून सुई फिरवू नका. धूर आणि आवाज आधी, आकडा नंतर.

मग लो नीडल. दोन जोरदार फेऱ्या मारून गाडी आणा आणि स्लोवर ठेवा. कार्बपाशी फ्युएलची नळी चिमटीत घट्ट दाबा. इंजिन दोन ते चार सेकंद चालून, शेवटी किंचित आवाज चढून बंद पडलं तर सुई जागेवर आहे. दाबताच मेलं तर लीन, एक तास सोडा. पाच-सहा सेकंद चाललं आणि आवाज खूप चढला तर रिच, एक तास आवळा. दर वेळी आधी थोडं पळवून साठलेलं फ्युएल साफ करा, नाहीतर चाचणी खोटं बोलते. दुसरी चाचणी: पंधरा सेकंद स्लोवर ठेवून एकदम पूर्ण थ्रॉटल. एखाद्या क्षणाची हलकी अडखळ आणि थोडा धूर देऊन निघाली पाहिजे.

आता तो नेहमीचा घोळ. लो नीडल आवळली की स्लो आपोआप वाढतो. तो आयडल स्क्रूने खाली आणायचा, पुन्हा नळी दाबून बघायचं, पुन्हा स्लो खाली. बरेच जण इथे दुसराच रस्ता धरतात. रिच सुईमुळे बंद पडतंय म्हणून फट वाढवतात. फट मोठी, सुई रिच: उभी गाडी छान चालल्यासारखी वाटते, पण थोडा वेळ थांबली की फ्युएल साठतं आणि रेस देताच मरते. याच्या उलट, सुई लीन आणि फट अगदी बारीक असेल तर स्लो गोड लागतो, पण पळवून आणल्यावर आवाज दोन-तीन सेकंद वरच लटकतो आणि मग बंद. दोन्हींत स्लोचा आवाज फसवतो, म्हणून शेवटी फट डोळ्यांनी बघायची. १.५ मिमी फट ठेवूनच स्लो धरत असेल तर लो नीडल रिच आहे, वाद नको.

स्लो शेवटी इतका ठेवा की चाकं फिरणार नाहीत आणि इंजिन निदान २०-३० सेकंद एकसारखं चालेल. मग हाय नीडल पुन्हा एकदा तपासा. लो नीडलला बराच हात लागला असेल तर तिथे खाचेच्या अर्ध्या तासाचा (१/२४ आट्याचा) फरक निघतो.

सातारा, सांगली आणि घाट

आज नीट चाललेली गाडी महिन्याने बंद पडते तेव्हा ऋतू बदललेला असतो. डिसेंबरात साताऱ्यात सकाळी १२ अंश आणि एप्रिलात दुपारी ३८ अंश, या दोन वेळच्या हवेच्या घनतेत सुमारे आठ टक्क्यांचा फरक पडतो. थंड हवा दाट, प्राणवायू जास्त, म्हणून फ्युएल जास्त लागतं. उन्हाळ्याचं सेटिंग थंडीत तसंच ठेवलं तर इंजिन लीन होतं. थंडीत पहिल्या दिवशी हाय नीडल दीड-दोन तास सोडूनच सुरुवात करा. उन्हाळ्यात थोडं आवळावं लागतं, पण तिथे ताप बघतच, कारण गरम हवा इंजिनालाही कमी गार करते.

उंचीचंही तसंच. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर, सातारा सातशेच्या आसपास, महाबळेश्वर तेराशेच्या वर. दर हजार मीटरला हवा ढोबळमानाने नऊ-दहा टक्के विरळ होते. सांगली ते सातारा फरक जाणवण्याइतका नाही. पण सांगलीत लावलेली गाडी महाबळेश्वर-पाचगणीला नेली तर ती रिच वाटेल, स्लोवर गुडगुडेल. तिथे एखादा तास आवळा, आणि खाली उतरल्यावर तो परत सोडायचं विसरू नका. तो विसरला तर खाली दाट हवेत इंजिन लीन चालतं. कास पठारावर मात्र गाडी काढूच नका. ते जागतिक वारशात नोंदलेलं संरक्षित क्षेत्र आहे. तिथल्या मातीच्या पातळ थरावर चाक फिरणंही वाईट, तेलाचा धूर तर दूरच.

पावसाळ्यात हवेतली वाफ प्राणवायूची जागा घेते, त्यामुळे गाडी किंचित रिच वाटते. पण या दिवसांतला खरा शत्रू डब्यात असतो. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टोपण नीट न लावलेलं फ्युएल महिनाभरात स्लो बिघडवतं: गाडी पेटायला कुरकुरते, सेटिंग दर दहा मिनिटांनी सरकतं, प्लग लवकर मरतो. सगळं तपासून कारण सापडत नसेल तर नव्या डब्यातलं फ्युएल घालून बघा. मूळच्याच डब्यात, टोपण घट्ट लावून, अंधाऱ्या थंड जागी ठेवा. भरण्याआधी डबा हलक्या हाताने उलटसुलट करा, तेल तळाशी बसतं.

फ्युएल घरी बनवायच्या फंदात पडू नका. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे आणि जीव दोन्ही जातात, त्वचेतूनही ते आत शिरतं. नायट्रोमिथेन स्फोटक ठरू शकतं. फ्युएल कधीही पाण्याच्या बाटलीत काढू नये. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे शेजारी पाण्याने भिजवलेलं पोतं असू द्या. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, म्हणून पाण्याने ही आग विझते. इंजिन थांबवायचं ते नळी दाबून किंवा सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडका धरून. फ्लायव्हीलला हात लावून कधीच नाही.

घरी नेण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा आणि इंजिनातलं उरलेलं फ्युएल नळी दाबून जाळून टाका. प्लग काढून आत दोन-तीन थेंब आफ्टर-रन तेल (चालवून झाल्यावर घालायचं, गंज रोखणारं), कार्बमध्ये दोन थेंब, आणि दहा-बारा ओढी. हे टाळलं की आत राहिलेलं मिथेनॉल पाणी ओढतं, नायट्रोच्या ज्वलनातले आम्ल अंश बेअरिंगवर गंज आणतात, गंजलेलं पुढचं बेअरिंग हवा घ्यायला लागतं आणि दोन महिन्यांनी स्लो धरत नाही म्हणून सुया फिरायला लागतात. शेवटी फ्लायव्हील फिरवून पिस्टन सर्वांत खाली आणा आणि तिथे मार्करने खूण करून ठेवा. इंजिन गार होताना स्लीव्ह आवळते. पिस्टन वर अडकून राहिला तर ती चिमट लवकर जाते.